मुळ्ये सर आणि पूर्वाभिमुख डबा

मुळ्ये सर फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. फोन उचलला की म्हणायचे, “सुरू.” मग जे सांगायचं ते एका दमात सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “संपलं.” पण फोन ठेवायचे नाहीत. पलीकडचा माणूस “पोचलं” म्हणेपर्यंत कानाला लावून बसायचे. रत्नागिरीत ज्यांचा म्हणून त्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना ही सवय जडली होती. गॅसवाला “पोचलं” म्हणायचा. दातांच्या डॉक्टरांकडची बाई “उद्या साडेदहा, पोचलं” म्हणायची आणि मग त्याच ओघात बाकीच्या पेशंटांनाही “पोचलं ना?” असं विचारायची. घरी मुळ्येकाकू स्वयंपाकघरातून दिवसभर अधूनमधून “पोचलं, पोचलं” म्हणत असत. सरांचं सगळं बोलणं तुम्ही खरंच ऐकता का, असं मी एकदा त्यांना विचारलं. काकू म्हणाल्या, “छे हो. यांना पोचपावती मिळाली की पुरे असतं. माल उघडून बघायचा की नाही ते आपल्यावर.”

सरांनी एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस-बत्तीस वर्षं काढली होती. तिथे सहायकाला ‘सर’ म्हणायची पद्धत नव्हती. ती मुळ्यांनी पाडली. जो विद्यार्थी ‘मुळ्ये’ म्हणेल त्याला सोल्डरिंगची सगळ्यात वाईट इस्त्री मिळायची. दोन-तीन तुकड्यांत प्रश्न मिटला. प्राध्यापक येत-जात राहिले, बदलून पुण्या-औरंगाबादला गेले, पण दोन यंत्रांना तारेवरून एकमेकांशी बोलतं करायचं असलं की खालच्या मजल्यावर मुळ्यांकडेच यावं लागे. तेवढी एकच विद्या त्यांना येत होती आणि ती पुरती येत होती. निवृत्तीनंतर त्यांनी छापून घेतलेल्या कार्डावर वर नाव होतं, ‘दि. वि. मुळ्ये’, आणि खाली दोनच शब्द: ‘सिरियल कम्युनिकेशन’. ना पत्ता, ना फोन. ज्याला गरज असेल तो शोधत येईल, असं त्यांचं म्हणणं. पहिली काही वर्षं कुणी आलं नाही, हे काकूंचं म्हणणं.

यंत्रं तारेवरून बोलतात ती एकेक अक्षर, रांगेने. बोलण्याआधी सुरुवातीची खूण, बोलून झाल्यावर शेवटची खूण, आणि दोघांचा वेग एकच. हा वेग म्हणजे बॉड रेट. तो जुळला नाही तर अक्षरं येतात पण अर्थ येत नाही. पडद्यावर नुसता चिखल दिसतो. यंत्रांचा हा शिष्टाचार सरांनी माणसांवर लावला होता. त्यांच्या मते शहाण्या माणसाने नऊ हजार सहाशेच्या वेगाने बोलावं. त्याहून सावकाश बोलतात ते राजापूरकडचे, आणि एकशे पंधरा हजाराने बोलतात ते पुण्याचे. पुणेकरांचं आपल्याला कळत नाही यात आपला दोष नाही, त्यांनी वेग ठरवून घेतलेला नसतो. नात्यातल्या एका लग्नाची बोलणी त्यांनी याच कारणावरून मोडीत काढली होती. मुलगी चांगली आहे, पण वेग जुळत नाही, असं त्यांनी मुलाकडच्यांना भर बैठकीत सांगितलं. काकूंनी ते निस्तरलं. आता त्या दोघांना दोन मुलं आहेत.

तारेच्या बाबतीत ते सोवळे होते. एकदा बाजारात त्यांच्याबरोबर यूएसबीची तार घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने समोर पाच-सहा तारा टाकल्या. सरांनी एक उचलून विचारलं, “यात किती तारा आहेत?”

“एकच आहे की सर,” दुकानदार म्हणाला.

“आत.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. सरांनी खिशातून चाकू काढून तार तिथेच काउंटरवर चिरली. आत दोनच धागे निघाले, लाल आणि काळा. ही नुसती चार्जिंगची तार. हिच्यातून वीज जाते, बोलणं जात नाही. बोलायला आणखी दोन धागे लागतात. दुकानदाराला ही माहिती नको होती, त्याला तारेचं काय करायचं ते हवं होतं. सरांनी पुढच्या तारेला हात घातला तेव्हा त्याने बाकीच्या मुकाट्याने आत ठेवल्या. त्या दिवसापासून ‘चार्जिंगची तार’ ही सरांची ठेवणीतली शिवी झाली. ज्या माणसाकडून काही ऐकायला मिळत नाही, नुसतं ज्याचं पोषण होत असतं, तो चार्जिंगची तार. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी हे बिरुद दुसऱ्याच भेटीत दिलं. तोंडावर नव्हे; तेवढा व्यवहार त्यांना कळत होता.

आमची संस्था आंबा बागायतदारांची. शहराबाहेर कातळावर पत्र्याची मोठी शेड, तिच्यात आंबा पिकवायच्या दोन बंदिस्त खोल्या, आणि बाजूला कार्यालय. मी तिथला पगारी सचिव. पगारी म्हणजे निवडून न आलेला, त्यामुळे मला काम असे. पत्रव्यवहार बघायचा आणि बैठकांची इतिवृत्तं लिहायची. अध्यक्ष आबासाहेब सुर्वे निवडून आलेले होते. त्यांचं निम्मं वर्ष मुंबईत ओळखी करण्यात जाई आणि निम्मं त्या ओळखींना आंब्याच्या पेट्या पाठवण्यात.

खोल्या सांभाळायची सुलभा पाष्टे. नवरा मुंबईला, त्याचे पैसे कधी येत कधी नाही. दोन मुली शाळेत. घर चालायचं ते याच दोन खोल्यांवर. पूर्वी गवतात अढी लावायचे तेव्हापासून ती या कामात होती. खोलीचं दार उघडून उंबऱ्यात क्षणभर उभी राहायची, हात आत धरायची, वास घ्यायची आणि सांगायची: वायच वारा द्या, नाहीतर, वरचे क्रेट खाली घ्या. बारा हंगाम हे असं चाललं होतं आणि आंबा पिकत होता.

मग आबासाहेबांनी मुंबईत कुठेतरी ‘एज कॉम्प्युटिंग’ हा शब्द ऐकला. तो त्यांनी महिनाभर जपला आणि सर्वसाधारण सभेत काढला. भाषण अर्धा तास चाललं. “आता आपली संस्था तंत्रज्ञानाच्या काठावर उभी आहे,” असं ते म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतले एक बागायतदार आपल्या शेजाऱ्याला म्हणाले, “पुढे ढकलू नका म्हणजे झालं.” कुणालाच काही कळलं नाही, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. असं काम करणारा माणूस गावातच आहे आणि तो पुण्याच्या कंपनीपेक्षा साधा आहे, हे मी सुचवलं. ‘साधा’ हा शब्द मी का वापरला ते आता आठवत नाही.

मुळ्ये सरांनी आल्या आल्या खरं काय ते चार वाक्यांत सांगितलं. आपल्या खोलीत उकडतंय की नाही हे मुंबईच्या नातेवाइकाला फोन करून विचारायचं, त्याने सांगितल्यावर पंखा लावायचा, ही सध्या सगळीकडची तऱ्हा. महामार्गाच्या कामावरचा जेसीबी दर पंधरवड्याला इंटरनेटची तार तोडतो, की नातेवाईक मुका. त्यापेक्षा पंखा लावायची अक्कल घरातच ठेवावी. हा छोटा डबा म्हणजे ती अक्कल. खोलीतला मापक त्याला तारेवरून तापमान सांगणार, वीस अंशांच्या वर गेलं की डबा त्या खोलीचं कूलिंग चालू करणार, खाली आलं की बंद. “संपलं,” ते म्हणाले आणि थांबले. सभासद एकमेकांकडे बघू लागले. मी घाईने “पोचलं” म्हणालो.

डबा शिदोरीच्या डब्याएवढा होता. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात एका फळीवर तो बसवला. त्याच्या दर्शनी बाजूला यूएसबीची दोन भोकं. डावीकडच्या खोलीची तार डाव्या भोकात, उजवीकडच्या खोलीची उजव्या. दोन्ही तारा एका जातीच्या, एका रंगाच्या, आणि त्यांच्या टोकांची जोडणीही एकाच कारखान्याची, त्यामुळे कुठली तार कुठल्या खोलीतून आली हे डब्याला उमजण्याचा दुसरा मार्ग नव्हता. जी ज्या भोकात, ती त्या खोलीची. मी म्हटलं, तारांना चिठ्ठ्या लावू या. सरांना तो अपमान वाटला. डावं-उजवं कळत नाही त्या माणसाने या बोळात येऊच नये, असं ते म्हणाले. फळीखालच्या भिंतीवर मात्र त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘डावी – एक. उजवी – दोन.’

सुलभाचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ती दार उघडून हात आत धरायची, त्याने आतलं तापमान हलायचं आणि सरांच्या आलेखाला दात यायचे. हात हे मोजमापाचं साधन नव्हे, असं त्यांनी तिला समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायची. तिने त्यांना एकदाही “पोचलं” म्हटलं नाही. त्यांनी वाट पाहायची, तिने क्रेट उचलून चालू लागायचं.

पण डबा चालला. पंधरा दिवस दोन्ही खोल्या वीसवर उभ्या होत्या. सुलभासुद्धा म्हणाली की माल एकसारखा येतोय. उद्घाटन होईपर्यंत त्या यंत्रात काहीही दोष नव्हता.

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलं. आबासाहेबांनी मुंबईहून एक वजनदार पाहुणे आणले, मंडप घातला, आणि फीत कापण्याआधी डब्याची पूजा ठेवली. आमच्याकडे नवी स्कूटर असो की पिठाची गिरणी, हळदकुंकू लागल्याशिवाय ती आपली होत नाही. त्यात काही नवल नव्हतं. डबा तारा सोडवून पाटावर आणला. भटजींनी विचारलं, “याचं तोंड कुठलं?”

हा प्रश्न सरांना फार आवडला. पूजेला बसायचं म्हणून ते सोवळं नेसून, डोक्यावर जरीची टोपी घालून आले होते. ते म्हणाले, ज्या बाजूने बोलणं होतं ते तोंड. म्हणजे जिथे तारा लागतात ती बाजू. भटजींनी ती बाजू पूर्वेला केली, दोन्ही भोकांच्या मधोमध कुंकू लावलं आणि वर झेंडूचा हार घातला. पूजा झाल्यावर डबा परत फळीवर न्यायची वेळ आली तेव्हा आबासाहेब म्हणाले की आता याचं तोंड पूर्वेलाच राहू दे, बरं असतं. बोळात पूर्वेला भिंत होती. म्हणजे डब्याने आजवर आमच्याकडे केलेलं तोंड आता भिंतीकडे वळलं. पाहुण्यांना पुढे गणपतीपुळ्याला जायचं होतं, ते कात्री हातात घेऊन उभे होते. सरांनी दोन्ही तारा उचलल्या, डब्याच्या मागे हात घातले आणि चाचपून लावल्या. डावी डाव्या हाताला, उजवी उजव्या हाताला. दोन्ही खोल्या वीस अंशांवर होत्या, त्यामुळे पडद्यावर दोन्हीकडे वीस आलं. टाळ्या झाल्या. सर त्याच संध्याकाळी बहिणीच्या नातवाच्या मुंजीसाठी आंजर्ल्याला गेले.

पुढे जे झालं ते सरांनी नंतर मला कागदावर काढून दाखवलं, आणि त्याही वेळी ते किती सरळ आहे याचं त्यांना कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. दोन नंबरची खोली जरा तापली. डब्याला वाटलं, एक नंबर तापली. त्याने एक नंबरचं कूलिंग चालू केलं. एक नंबर गार झाली; डब्याला वाटलं, दोन नंबर गार झाली, म्हणून त्याने दोन नंबरचं कूलिंग बंद ठेवलं. दोन नंबर आणखी तापली. डबा अक्कलहुशारीने, क्षणाचीही विश्रांती न घेता, एकीला गोठवत आणि दुसरीला उकडत राहिला.

आबासाहेबांच्या मोबाइलवर हे आकडे दिसायची सोय केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुंबईहून फोन आला. एक नंबर तापतेय, तिच्यात आपल्या खास पेट्यांचा माल आहे, तो ताबडतोब दोन नंबरमध्ये हलवा, तिथे गार दिसतंय. खास पेट्या म्हणजे ओळखींच्या. सुलभा माझ्याकडे आली. “भाऊ, उलटं हाय. एकात थंडी वाजते. दोनात उभं राहवत नाय.”

मी उठून चाळीस पावलं चालून एका खोलीत डोकं घातलं असतं तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. पण कार्यालयात एसी होता आणि पडद्यावर आकडे होते. मी आंजर्ल्याला फोन लावला. सरांनी “सुरू” म्हटलं, मी सांगितलं. ते म्हणाले, उन्हातून आत गेलं की कुठलीही खोली थंडच लागणार. मग दोन नंबर गरम का लागते, असं मी विचारलं. फळ पिकताना स्वतः उष्णता सोडतं, ते म्हणाले. जाणत्या माणसाकडे प्रत्येक चुकीसाठी शास्त्रीय कारण तयार असतं. संध्याकाळी सुलभाने पुन्हा मला फोन लावायला लावला आणि या वेळी स्वतः बोलली. पलीकडून काय सांगितलं ते मला शेजारी बसून ऐकू आलं. “बाई, तार खोटं बोलत नाही. हात बोलतो. दार लावून घ्या आणि सांगितलंय ते करा. संपलं.”

तिने फोन माझ्याकडे दिला. “पोचलं” मीच म्हणालो, आणि खास पेट्या दोन नंबरमध्ये गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन नंबरचं दार उघडलं तेव्हा वास कार्यालयापर्यंत आला. वरच्या क्रेटमधला हापूस काळा पडून बसला होता आणि खालच्यातून पाणी गळत होतं. एक नंबरमधला माल गारठून करडा झाला होता, पण त्यातला बराचसा वाचण्यासारखा होता. खास पेट्यांतलं एकही फळ वाचलं नाही.

बागायतदारांचा आंबा दरवर्षी थोडाबहुत सडतो, त्यावर बैठक होत नाही. ही बैठक दुसऱ्याच दिवशी लागली. आबासाहेब रात्रीच्या गाडीने आले ते निष्कर्ष घेऊनच आले. आकडे उलटे, म्हणजे तारा उलट्या. सुलभा रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने बोळ पुसते. तिनेच पुसताना तारा काढल्या आणि उलट्या लावल्या. वर बोंब मारली की मशीन चुकतंय, कारण तिला मशीन नकोच होतं. तिला कमी करायचं आणि तज्ज्ञांचा अभिप्राय इतिवृत्तात घ्यायचा. मला ठरावाचा मसुदा आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगण्यात आला होता.

तज्ज्ञ दुपारी बाराला आंजर्ल्याहून आले. मुंजीतली अत्तराची झुळूक अजून अंगाला होती. बोळात आम्ही दोघंच होतो. सरांनी डबा पाहिला, हार बाजूला केला, भिंतीवरची आपली अक्षरं वाचली. मग त्यांनी डब्याच्या मागे वाकून पाहिलं. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी दोन्ही हात समोर धरले, डावा पाहिला, उजवा पाहिला. पहिल्या इयत्तेतलं मूल पाहतं तसे. मला तेव्हा उमगलं.

“बैठक किती वाजता आहे?”

“चारला.”

“हे कुणाला कळलंय?” त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी चहा मागवला, तो घेतला नाही. बाहेर जाऊन कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसले, भर उन्हात, कातळ चटके देत असताना. मी खिडकीतून पाहत होतो. पन्नास पावलांवर, शेडच्या सावलीत, सुलभा एकटीने दोन नंबरचे क्रेट धूत होती. दोन तास ते तिथून उठले नाहीत. मला प्रामाणिकपणे वाटत होतं की ते गप्प राहतील. उभ्या आयुष्यात ‘माझं चुकलं’ हे शब्द त्या तोंडातून कुणी ऐकले नव्हते, काकूंनीही नाही. आणि गप्प राहायला त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं मान डोलवायची होती.

बैठकीत आबासाहेबांनी त्यांना शेजारची खुर्ची दिली. सुलभाला दाराबाहेर उभं केलं होतं, बोलावलं की आत यायचं म्हणून. आबासाहेब म्हणाले, “मुळ्येसर, आम्हाला फार खोलात जायचं नाही. तुम्ही एवढंच सांगा. तारा कुणी बदलल्याशिवाय असं होईल का?”

“नाही.”

“झालं तर.” आबासाहेब माझ्याकडे वळले. “लिहा.”

“लिहू नका,” सर म्हणाले. “माझं अजून संपलेलं नाही.”

मी पेन खाली ठेवलं. सरांचा वेग त्यांच्या नेहमीच्या वेगाच्या निम्मा होता.

“तारा मी लावल्या. पूजेनंतर, मागे हात घालून, न बघता. डबा फिरवलेला आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.”

 आबासाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “सर, प्रवासातून आलाय, घाईने काही बोलू नका. तुमचा इथे मान आहे.” ते अगदी मनापासून बोलत होते. डबा कुणाच्या सांगण्यावरून पूर्वेला तोंड करून बसला होता, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं असावं.

“त्या बाई दोनदा सांगत होत्या,” सर म्हणाले. “त्यांचा हात बरोबर होता. मी त्यांना फोनवरून गप्प केलं. कुणाला काढायचं तर मला काढा. हे लिहा, खाली मी सही करतो.”

दाराबाहेरून सुलभाने डोकं आत घातलं. “भाऊ, मी जाऊ काय? एक नंबरातला माल फिरवायचा हाय, नायतर तोही जाईल.”

आबासाहेब काही बोलायच्या आत मी “जा” म्हणालो. सचिव म्हणून मी घेतलेला तो एकमेव निर्णय.

इतिवृत्तात सरांचं निवेदन शब्दशः आहे, खाली त्यांची सही आहे. पूर्वेचा उल्लेख नाही. मी चाळीस पावलं चाललो नाही याचाही नाही. इतिवृत्त मी लिहितो. सुलभाचा विषय पुढे आला नाही. पुढच्या बैठकीत मुळ्ये सरांच्या ‘अमूल्य मार्गदर्शनाबद्दल’ आभाराचा ठराव झाला, त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं, आणि त्याच पिशवीत त्यांचा डबा, वर्तमानपत्रात गुंडाळून. आमच्याकडे माणसाला काढायची ही सगळ्यात सभ्य रीत आहे. शाल खांद्यावर पडली की परत यायचं नसतं.

नवीन यंत्रणा पुण्याहून आली. तिला तारा नाहीत. आकडे आधी कुठल्या तरी ढगात जातात आणि तिथून आमच्याकडे येतात. महामार्गावर जेसीबीने तार तोडली की पडद्यावर एक गोल फिरत राहतो. तो फिरू लागला की आबासाहेबांच्याच सूचनेवरून आम्ही सुलभाला बोलावतो. कागदोपत्री खोल्या पुण्याहून चालतात.

सर पुन्हा आत आले नाहीत. फोन करायचे, पण कमी. पुढच्या वर्षी त्यांची मुलगी सरांना आणि काकूंना नाशिकला घेऊन जाणार असं ठरलं. जायच्या आदल्या आठवड्यात, वैशाखातल्या एका सकाळी, मला खिडकीतून संस्थेच्या फाटकाबाहेर रिक्षा थांबलेली दिसली. सर उतरले. वाळले होते. फाटकातूनच त्यांनी रखवालदाराला काहीतरी विचारलं. मला वाटलं माझं नाव घेतलं असेल, म्हणून मी बाहेर आलो. पण रखवालदार शेडकडे गेला आणि थोड्या वेळाने सुलभा आली, ओंजळीत कागदात सहा आंबे घेऊन.

मी जिथे होतो तिथेच थांबलो. तिने फाटकाच्या कठड्यावर कागद उलगडला. सरांनी त्यातला एक उचलला, डोळ्यांजवळ नेला, देठाकडचा भाग पाहिला आणि त्यावर अंगठा टेकवला.

“दाबू नका सर. डाग पडतो.”

त्यांनी ताबडतोब फळ खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग मान जराशी पुढे करून विचारलं, “केव्हा खायचा?”

“हे दोन उद्या. बाकीचे परवा सकाळी. त्याच्या आधी कापू नका.”

“हे दोन उद्या,” मुळ्ये सर म्हणाले. “बाकीचे परवा सकाळी.” तिने आंबे पिशवीत रचून दिले. ती त्यांनी हातात लटकवली नाही, दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि एकेक पाऊल बघून टाकत रिक्षाकडे गेले.